आर ॲडम्स काउली
आर ॲडम्स काउली (२५ जुलै, १९१७ - २७ ऑक्टोबर, १९९१) हे अमेरिकन शल्यचिकित्सक होते. मेरीलँड राज्यातील गंभीर जखमींसाठीची शासकीय उपचारव्यवस्था त्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. यूटा राज्यातील लेटन येथे जन्मलेल्या काउलींनी १९४४ मध्ये मेरीलँड विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली.

१९६० च्या सुमारास अमेरिकी लष्कराने 'शॉक'च्या अभ्यासासाठी दिलेल्या १ लाख डॉलरांच्या अनुदानातून बाल्टिमोर येथे दोन खाटांचा कक्ष सुरू झाला. तेथे इतरत्र आशा सोडून दिलेले रुग्णच पाठवले जात; त्यामुळे मृत्यूची प्रयोगशाळा अशी त्याची हेटाळणी होई. त्यांतील काही रुग्ण वाचू लागले, तेव्हा उपचारांतील विलंबच अनेकांचा जीव घेतो, अशी काउलींची खात्री झाली. 'गोल्डन अवर' ही संज्ञा त्यांच्यामुळे रूढ झाली आणि २०१९ च्या सुधारणेने भारताच्या मोटार वाहन कायद्यातही आली. नेमक्या साठ मिनिटांच्या मर्यादेला मात्र ठोस संशोधनाचा आधार नाही.

लष्कराचे अनुदान संशोधनापुरते होते; जखमींना वेळेत आणण्यासाठी राज्याचा पैसा आणि अधिकार दोन्ही आवश्यक होते. त्यासाठी काउलींनी राज्यकर्त्यांकडे चिकाटीने पाठपुरावा केला. मार्च १९७० मध्ये राज्य पोलिसांची हेलिकॉप्टरे जखमींना आणू लागली. आपले रुग्ण हातचे जातील या भीतीने अनेक डॉक्टरांनी विरोध केला, तरी १९७३ मध्ये गव्हर्नर मार्व्हिन मँडेल यांनी आदेश काढून राज्याची आपत्कालीन वैद्यकीय संस्था स्थापन केली. काउलींच्या निधनानंतर, १९९२ मध्ये, या सेवांसाठी वाहन नोंदणीवरील अधिभारातून स्वतंत्र निधी उभारण्यात आला.