आठवण मेंदूत नेमकी कुठे असते?

अकोला-अमरावतीकडच्या बैलाला बाजारातून परतताना गोठ्याची वाट दाखवावी लागत नाही. ही आठवण मेंदूत कुठे साठते? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली (१८९०-१९५८) यांनी सुमारे ३० वर्षे तेच शोधले. उंदरांना ते चक्रव्यूहाची वाट शिकवत, मग मेंदूच्या बाह्य थराचा भाग काढून पुन्हा तपासत. भाग जितका मोठा, तितका विसर जास्त. जागेने फारसा फरक पडत नसे. उजेड-अंधार ओळखायला शिकलेले उंदीर दृष्टीचा भाग गेल्यावर ते विसरत, पण पुन्हा शिकत. ठरावीक जागा सापडली नसल्याचे लॅशली यांनी १९५० मध्ये मांडले. आठवणीसाठी हिप्पोकॅम्पस महत्त्वाचा, हे पुढे कळले. तरी आठवण एकाच कप्प्यात नसते, हा त्यांचा धडा टिकला.