गिल्बर्ट व्हाइट

इंग्लंडांतील हँपशायर परगण्यांत सेलबोर्न नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें ता. १८ जुलै १७२० रोजीं गिल्बर्ट व्हाइट यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा त्या गांवचे धर्मोपदेशक होते. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजांत शिक्षण होऊन १७४४ मध्यें ते तेथील फेलो झाले. परंतु त्यांचा ओढा आपल्या गांवाकडेच होता. गांवांत व आसपास दुय्यम धर्मोपदेशकाचें काम करून उरलेला वेळ त्यांनीं रानावनांतील जीवांच्या निरीक्षणांत घालविला.

वसंत ऋतूंत त्या रानांत दक्षिणेकडून हिरवट-पिवळे, चिमणीहूनही लहान असे पक्षी येतात. ते क्षणभरही एका जागीं ठरत नाहींत, आणि दिसण्यांत तर एक झांकावा व दुसरा काढावा! त्या काळीं ते बहुधा एकाच नांवाखालीं मोडत. जेथें डोळा फसतो तेथें व्हाइट यांनीं कानाची साक्ष घेतली. एकाचें गाणें गोड व उतरत्या सुरांचें. दुसरा दोनच कर्कश स्वर पुनःपुन्हां काढी. तिसरा उंच बीच वृक्षांच्या शेंड्यांवर पंख थरथरवीत नाकतोड्यासारखा आवाज करी. पुढें तिन्ही प्रकारचे नमुने समोर ठेवून त्यांनीं ते ताडून पाहिले. आकारांत तीन पायऱ्या दिसल्या. सर्वांत लहानाचे पाय काळे, इतर दोहोंचे मांसवर्ण. अशी दुहेरी खात्री झाल्यावर ऑगस्ट १७६८ मध्यें त्यांनीं टॉमस पेनंट या प्राणिशास्त्रज्ञांस पत्रानें आपला निर्णय कळविला. आज या पक्ष्यांस विलो वॉर्बलर, चिफचॅफ व वुड वॉर्बलर म्हणतात.

त्याच वर्षापासून डेन्स बॅरिंग्टन यांनीं आंखून दिलेल्या छापील वहींत ते उष्णमान, वारा, पाऊस, फुलांचा बहर व पक्ष्यांचें आगमन नोंदूं लागले. हा क्रम त्यांनीं पंचवीस वर्षें चालविला. रकाने तेच राहिल्यामुळें एका वर्षाची दुसऱ्याशीं तुलना करतां येऊं लागली.

पाकोळ्यांसारखे पक्षी हिंवाळ्यांत कोठेंतरी दडून निजतात, असा तेव्हां पुष्कळांचा समज होता. व्हाइट यांचें मनही त्याकडे थोडें झुकलें होतें. त्यांनीं माणसें लावून टेकडीवरील झुडपें व बिळें शोधविलीं. परंतु निजलेला पक्षी सांपडला नाहीं, आणि सांपडला असें त्यांनीं लिहिलेंही नाहीं. ते पक्षी आफ्रिकेंत जातात, हें आज आपण जाणतों. त्यांचा 'सेलबोर्नचा निसर्गेतिहास' हा ग्रंथ १७८९ सालचा. ता. २६ जून १७९३ रोजीं ते निवर्तले.

२००२ मध्यें सुरू झालेल्या 'ईबर्ड' या संग्रहांत आज जगांतील हौशी निरीक्षक आपल्या नोंदी देतात. विलो वॉर्बलर कीं चिफचॅफ हें न ठरल्यास दोन्ही नांवें जोडून लिहिण्याची सोय तेथें ठेविली आहे. आपल्या महाराष्ट्रांतही हिंवाळ्यांत असेच पर्णवटवटे येतात, व पुष्कळदां आवाजावांचून त्यांची ओळख पटत नाहीं. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं कोणी वही घेऊन झाडाखालीं उभा राहील, तर त्यानें ओळख पटेल तेथें नांव लिहावें, न पटेल तेथें 'ओळख पटली नाहीं' असें लिहावें, व हा नियम रोज पाळावा. अंदाजानें घातलेलें एक नांव शंभर खऱ्या नोंदींवरचा विश्वास उडवितें. ज्ञानाच्या कामीं तीक्ष्ण दृष्टीइतकेंच सत्यनिष्ठेचेंही मोल आहे, हें व्हाइट यांच्या चरित्रावरून आम्हांस दिसतें.