राज्याविना राजा : तंजावरचे सरफोजी

तमिळ ऐप्पसी महिन्यात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागे, शतभिषा नक्षत्र आले की तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात राजराज चोळाचा जन्मोत्सव सुरू होतो. 'कल्की' कृष्णमूर्ती यांची 'पोन्नियिन सेल्वन' ही ऐतिहासिक कादंबरी १९५० ते १९५४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तमिळ वाचकाच्या मनातील राजराज हा बव्हंशी त्या कादंबरीचा नायक आहे. उत्सवाला येणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांपुढे शिलालेखांतील सम्राट नसतो, कल्कींनी रंगवलेला देखणा राजपुत्र असतो. त्याच मंदिराच्या प्राकारभिंतीवर मराठीत कोरलेला एक प्रदीर्घ लेख आहे. देशातील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. तो १८०३ साली कोरवून घेतला दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी.

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. सरफोजींचा जन्म १७७७ सालचा, भोसले घराण्याच्या एका शाखेतला. पुत्र नसलेल्या तुळजाजीराजांनी १७८७ साली, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, त्यांना दत्तक घेतले आणि डॅनिश मिशनचे धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांना या मुलाकडे लक्ष देण्याची विनंती केली. परंतु तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तकविधानालाच हरकत घेतली. पंडितांनी ते अशास्त्रीय ठरवले, कंपनी सरकारने त्यावर मान डोलावली आणि अमरसिंह गादीवर बसले.

दहा वर्षांच्या मुलाच्या नशिबी मग नजरकैद आली. श्वार्ट्झ यांनी तक्रारींचा पाठपुरावा केला. अखेर १७९३ साली सरफोजी आणि तुळजाजींच्या विधवा राण्या यांना मद्रासला हलवण्यात आले. तेथे त्यांचे युरोपीय पद्धतीचे शिक्षण झाले. दत्तकाचा प्रश्न पुन्हा उघडला गेला, पंडितांची मते नव्याने मागवण्यात आली आणि या वेळी उत्तर उलटे आले. शास्त्र तेच आणि वादही तोच होता. बदलला होता तो कंपनीचा कल, असे म्हणण्यास पुष्कळ जागा आहे. १७९८ च्या जून महिन्यात सरफोजी गादीवर बसले. ज्यांनी त्यांना येथवर आणले ते श्वार्ट्झ त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत निवर्तले होते. त्यांच्या स्मारकासाठी सरफोजींनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरूच्या शेजारी उभा असलेला तरुण राजा त्यात दिसतो. मात्र धर्मोपदेशकांच्या सहवासात वाढलेल्या या राजाने स्वतःचा धर्म सोडला नाही. बृहदीश्वराच्या आवारातील आजचे गणेशमंदिर त्यांनीच उभारलेले आहे.

गादी मिळाली, पण राज्य गेले. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने संपूर्ण मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. वय अवघे बावीस.

१८०३ चा शिलालेख या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. राजांचे चिटणीस बाबूराव यांनी सिद्ध केलेल्या या लेखात भोसले कुळाचा वृत्तांत मूळ पुरुषांपासून सरफोजींपर्यंत आणला आहे. त्यात कालक्रमाच्या चुका आहेत, ऐकीव कथा आहेत, घराण्याचा गौरव वाढवण्याचा मोह जागोजागी आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला तो जपूनच वापरावा लागतो. तथापि ज्याचे राजपुत्रपण पंडितांनी एकदा खोटे आणि एकदा खरे ठरवले, त्याने आपली वंशावळ कागदावर न ठेवता चोळांच्या दगडावर कोरून घ्यावी, यात नवल ते काय? कल्कींची कादंबरी आणि चिटणिसांचा हा लेख यांत दीडशे वर्षांचे अंतर आहे. इतिहासाच्या रिकाम्या जागा भरून काढण्याची ओढ मात्र दोहोंत सारखीच आहे.

सैन्य आणि मुलूख नसलेल्या राजाने सारी ऊर्जा ज्ञानाकडे वळवली. नायक राजांच्या काळापासून चालत आलेले सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी अपार वाढवले. काशीयात्रेवरूनही ते हस्तलिखिते घेऊन आले. धन्वंतरी महालात देशी व युरोपीय वैद्यकाचे प्रयोग चालत. नेत्ररोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, अद्याप जतन आहेत. पुण्यामुंबईत मुद्रणाने मूळ धरण्यापूर्वी तंजावरच्या राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू होता आणि त्यातून इसापच्या गोष्टी मराठीत निघाल्या, ही गोष्ट महाराष्ट्रात क्वचितच सांगितली जाते.

याहून विलक्षण आहे ते 'देवेंद्र कुरवंजी'. कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार. नायिका विरहाने व्याकूळ असते, डोंगरातली कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री येते, आपल्या मुलखाचे वर्णन करते आणि हात पाहते. सरफोजींनी हा साचा उचलला आणि मराठीत त्या स्त्रीच्या तोंडी चक्क जगाचा भूगोल घातला. खंड, देश, नद्या यांची माहिती गाण्यातून! दुसरीकडे खुद्द सरफोजींना नायक कल्पून शिवक्कोळुंदु देशिकर यांनी तमिळमध्ये 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' रचले आणि बृहदीश्वराच्या उत्सवात देवदासी ते सादर करू लागल्या. मराठी राजा तमिळ उत्सवाचा विषय झाला तो असा. भरतनाट्यमच्या आजच्या कार्यक्रमाला घाट देणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चौघे बंधूही त्यांच्याच दरबारी होते.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी निवर्तले. पुत्र शिवाजी १८५५ साली पुरुष वारस न ठेवता वारले आणि कंपनीने राजपदही संपवले. सरस्वती महाल १९१८ साली सर्वांसाठी खुला झाला. तंजावर परिसरातील ८८ देवस्थानांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद मात्र भोसले घराण्याकडे राहिले. राजराजाचे बृहदीश्वर मंदिर त्यांपैकीच एक.