नक्षत्रांचे मास्तर : शंकर बाळकृष्ण दीक्षित

कार्तिक-मार्गशीर्षात दिवेलागणीनंतर कोसाडमधल्या कोणत्याही गच्चीवरून पूर्वेकडे पाहिले, तर ताऱ्यांचा एक लहानसा झुबका वर येताना दिसतो. सुरतेच्या झगमगाटात तो पुसट दिसतो, पण सुट्टीत साक्री-शिरपूरकडे गेलात तर त्यातले सहा तारे सहज मोजता येतील. या कृत्तिका. याच झुबक्यावरून एका मराठी शाळामास्तरांनी आपल्या प्राचीन ग्रंथाचा काळ काढला होता. त्यांची ओळख या अंकात करून देत आहोत.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. मॅट्रिकच्या पुढे त्यांचे शिक्षण झाले नाही. नोकरी शिक्षण खात्याची, म्हणजे बदल्या आल्याच. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज असा त्यांचा प्रवास झाला. धुळ्याचे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांचे कान टवकारले असतील!

दिवसा शाळा, आणि उरलेल्या वेळात संस्कृत सिद्धांतग्रंथ व गणित, असा त्यांचा क्रम होता. गुप्त राजांच्या शिलालेखांत वर्षाचा आकडा असे, पण तो कोणत्या वर्षापासून मोजायचा यावर विद्वानांत मोठा वाद होता. लेखात तिथीबरोबर वारही दिलेला असेल, तर गणित करून तो जुळतो का हे पाहता येते. फ्लीट या इंग्रज संशोधकासाठी हे किचकट गणित दीक्षितांनी करून दिले. त्याच्या आधाराने गुप्तसंवत् इ. स. ३१९-२० च्या सुमारास सुरू झाला हे फ्लीटने १८८८ च्या आपल्या ग्रंथात मांडले. इतिहासाच्या पुस्तकात समुद्रगुप्ताचे साल आपण पाठ करतो, त्यामागे या मास्तरांची आकडेमोडही आहे.

आता कृत्तिकांची गोष्ट. शतपथ ब्राह्मणात असा उल्लेख आहे की, इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका मात्र ढळत नाहीत. अनेकांनी तो वाचला होता. दीक्षितांनी विचारले, हे खरोखर पाहून लिहिले असेल तर केव्हा? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो. एका फेऱ्याला सुमारे २६,००० वर्षे लागतात, आणि त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा सरकत जातात. आज आपल्याकडून पाहता कृत्तिका ठीक पूर्वेपासून सुमारे २६ अंश उत्तरेकडे उगवतात. त्या नेमक्या पूर्वेला उगवत तो काळ गणिताने इ. स. पूर्व ३००० च्या आसपास येतो. हा निष्कर्ष त्यांनी १८९५ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मासिकात मांडला. तो सर्वांना पटला नाही, आणि वाद आजही मिटलेला नाही. आम्हांला मात्र प्रश्न विचारण्याची ही रीतच फार आवडते.

नक्षत्रांची ओळख पटवण्याचे कामही सोपे नव्हते. चंद्राच्या वाटेचे २७ भाग, प्रत्येक १३ अंश २० कला. प्रत्येक भागाचा एक मुख्य तारा, त्याला योगतारा म्हणतात. पण जुन्या ग्रंथांत त्यांची स्थाने थोडी वेगवेगळी दिली आहेत. दीक्षितांनी ती शेजारी शेजारी ठेवून कोणता योगतारा आकाशातला कोणता हे तपासले.

ही वाटणी माणसाने केलेली आहे. सप्तर्षींचे सात तारे आपल्याला एका खाटल्यासारखे दिसतात, पण त्यांतले पाचच एकत्र प्रवास करणारे सोबती आहेत. क्रतू आणि मरीची हे परके! कृत्तिकांचे तसे नाही. वायू आणि धुळीचा प्रचंड ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसला, त्याच्या गाठी तापल्या आणि तारे पेटले. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी एकाच ढगातून जन्मलेली ही हजारांहून अधिक भावंडे आपल्यापासून सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहेत. असा जन्मसोहळा मृगाच्या तलवारीतल्या तेजोमेघात आजही चालू आहे.

ताऱ्यांची ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही उष्णतेनुसार उतरती वर्गवारी दीक्षितांच्या पश्चात, १९०१ च्या सुमारास अ‍ॅनी कॅनन यांनी पक्की केली. तिच्यात निळसर कृत्तिका ‘बी’त, आपला सूर्य ‘जी’त, तर लालसर ज्येष्ठा ‘एम’मध्ये बसते. देवयानीतला अंधुक ठिपका ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे तर हबल यांच्या १९२३ च्या निरीक्षणांतून ठरले. पुढे त्यांनीच दीर्घिकांचे लंबवर्तुळाकार, सर्पिल आणि अनियमित असे प्रकार पाडले.

दीक्षित पुण्यात आले तेव्हा तिथल्या सायन्स कॉलेजात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली वेधशाळा होती आणि कावसजी दादाभाई नायगमवाला तिथे ताऱ्यांचा प्रकाश वर्णपटात फोडून तपासत होते. म्हणजे एकाच गावात नवे आणि जुने ज्योतिष शेजारी नांदत होते, आणि त्यातही गुजरातचा हातभार होता.

सामान्य वाचकांसाठी दीक्षितांनी ‘ज्योतिर्विलास’ हे सुबोध पुस्तक लिहिले. मोठा ग्रंथ ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ साली निघाला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासह लिहिलेले ‘इंडियन कॅलेंडर’ लंडनहून प्रसिद्ध झाले. आपला पाडवा चैत्रात आणि शेजारच्या गुजराती घरातले बेसतुं वरस कार्तिकात का, अशा प्रश्नांची उकल त्या पुस्तकांत सापडते.

ग्रंथ छापून दोन वर्षेही झाली नाहीत तोच, एप्रिल १८९८ मध्ये, दीक्षित वारले. वय अवघे ४४. पुढे त्यांच्या मराठी ग्रंथाचे हिंदीत आणि इंग्रजीत भाषांतर झाले, आणि पंचांगाचा अभ्यास करणारे तो आजही उघडतात.