गुस्ताव्ह ल ग्रे

गुस्ताव्ह ल ग्रे (जन्म : ३० ऑगस्ट १८२०, व्हिलिए-ल-बेल, फ्रान्स, मृत्यू : ३० जुलै १८८४, कैरो, इजिप्त) हे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच छायाचित्रकार, छायाचित्रणाचे शिक्षक आणि संशोधक होते. मेणकागदी निगेटिव्हची पद्धत, तसेच १८५६ ते १८५८ या काळात टिपलेली समुद्रदृश्ये यांसाठी ते ओळखले जातात. आकाश व समुद्र यांसाठी वेगवेगळ्या एक्सपोजरच्या दोन निगेटिव्ह घेऊन त्यांपासून एकच छायाचित्र तयार करण्याचे त्यांचे तंत्र आजच्या एचडीआर छायाचित्रणाचे पूर्वरूप मानले जाते.

प्रारंभिक जीवन

ल ग्रे यांनी कायदेविषयक कार्यालयात कारकुनी करावी, अशी त्यांच्या आईवडिलांची इच्छा होती. परंतु त्यांचा ओढा चित्रकलेकडे होता. पॅरिसमध्ये त्यांनी पॉल देलारोश या नामवंत चित्रकाराच्या चित्रशाळेत शिक्षण घेतले. त्यानंतर ते इटलीला गेले आणि काही वर्षे रोममध्ये राहिले. तेथेच १८४४ मध्ये त्यांचा विवाह झाला. १८४७ च्या सुमारास ते पॅरिसला परतले आणि हळूहळू छायाचित्रणाकडे वळले. त्या वेळी या कलेचा शोध जाहीर होऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती.

संशोधन आणि अध्यापन

त्या काळी कागदी निगेटिव्हमध्ये कागदाचे तंतू उमटत आणि चित्रातील बारकावे पुसट होत. ल ग्रे यांनी रसायने लावण्यापूर्वीच कागद मेणात भिजवण्याची पद्धत शोधली व १८५१ मध्ये ती प्रसिद्ध केली. असा कागद आधी तयार करून बरेच दिवस कोरडा ठेवता येत असे आणि चित्र घेतल्यानंतर काही दिवसांनी त्यावर प्रक्रिया केली तरी चालत असे. त्यामुळे प्रवासी छायाचित्रकारांची मोठी सोय झाली. काचेवर कोलोडियनचा थर देण्याच्या कल्पनेचा उल्लेखही त्यांच्या १८५० मधील पुस्तिकेत आहे. मात्र या पद्धतीची सविस्तर कृती १८५१ मध्ये इंग्लंडमधील फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी प्रसिद्ध केली आणि श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे गेले. ल ग्रे यांनी या श्रेयावर आपला हक्क सांगितला होता.

शार्ल नेग्र, आंरी ल सेक, माक्सीम द्यू कां अशा अनेकांनी ल ग्रे यांच्याकडून छायाचित्रणाचे धडे घेतले. छायाचित्रण हे कारखानदारी व व्यापार यांच्या हाती न जाता कलेच्या क्षेत्रात राहावे, अशी त्यांची ठाम भूमिका होती. १८५१ मधील सोसिएते एलिओग्राफिक आणि १८५४ मधील फ्रेंच छायाचित्रण संस्था या दोन्हींच्या संस्थापक सदस्यांमध्ये त्यांचा समावेश होता.

१८५१ मध्ये फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तू आयोगाने देशातील जुन्या इमारतींची छायाचित्रे घेण्यासाठी पाच छायाचित्रकारांची नेमणूक केली. त्यांत ल ग्रे, ल सेक, एदुआर बाल्द्यू, इपोलित बायार आणि मेस्त्राल हे होते. ल ग्रे आणि मेस्त्राल यांनी एकत्र प्रवास करून नैर्ऋत्य फ्रान्समधील वास्तू टिपल्या. त्यांत जीर्णोद्धारापूर्वीच्या कार्कासोन तटबंदीचाही समावेश आहे. आयोगाने या निगेटिव्ह संग्रहात ठेवल्या. त्या काळी त्यांचे प्रकाशन झाले नाही.

समुद्रदृश्ये आणि दोन निगेटिव्हचे तंत्र

कोलोडियनचा थर निळ्या व अतिनील प्रकाशाला अतिशय संवेदनशील असे. इतर रंगांचा परिणाम त्यावर फार कमी होई. परिणामी खडक, जहाजे किंवा लाटा नीट उमटतील इतके एक्सपोजर दिले, तर आकाशाचा भाग निगेटिव्हवर पूर्ण काळा होई आणि छापील चित्रात तो कोरा पांढरा दिसे. ढग मिळावेत म्हणून एक्सपोजर कमी केले, तर खालचा भाग अंधारात बुडून जाई. अनेक छायाचित्रकारांनी कोरे आकाश ही या माध्यमाची अपरिहार्य मर्यादा म्हणून स्वीकारली होती.

ल ग्रे यांनी आकाशासाठी एक आणि समुद्रासाठी दुसरी अशा स्वतंत्र निगेटिव्ह घेतल्या. अल्ब्युमिन कागदावर छापताना आधी एक भाग झाकून दुसरा छापायचा, मग छापलेला भाग झाकून उरलेला छापायचा, अशी त्यांची रीत होती. दोन्ही भागांचा सांधा क्षितिजरेषेवर येत असल्यामुळे तो सहसा डोळ्यांना जाणवत नसे. दोन्ही निगेटिव्ह एकाच वेळी किंवा एकाच ठिकाणी घेतलेल्या असाव्यात, असे बंधन त्यांनी मानले नाही. त्यामुळे त्यांच्या एकाहून अधिक चित्रांत तेच ढग आढळतात.

त्यांची सर्वच समुद्रदृश्ये मात्र अशी जोडलेली नाहीत. १८५६ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर घेतलेले दोन शिडांच्या जहाजाचे चित्र एकाच निगेटिव्हचे आहे. ते चांदण्यातील दृश्य म्हणून गाजले, तरी प्रत्यक्षात ते दिवसा सूर्याच्या दिशेने कॅमेरा धरून घेतले होते. लंडनमध्ये ते प्रदर्शित झाल्यावर त्याच्या प्रतींना मोठी मागणी आली. १८५७ मध्ये भूमध्य समुद्रावरील सेत येथे घेतलेले मोठी लाट हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र होय. त्यात फुटणारी लाट आणि दाट ढग एकत्र दिसतात.

व्यवसाय आणि दिवाळखोरी

१८५२ मध्ये ल ग्रे यांनी लुई-नेपोलियन यांचे अधिकृत छायाचित्र घेतले. पुढे सम्राट तिसरा नेपोलियन झाल्यावर त्याने १८५७ मध्ये शालों येथील लष्करी छावणीच्या छायाचित्रांचे काम त्यांच्याकडे सोपवले. त्याआधी, १८५६ मध्ये धनिकांच्या भांडवलावर त्यांनी पॅरिसमधील बुलव्हार दे काप्युसीन या हमरस्त्यावर थाटात स्टुडिओ उघडला होता.

याच काळात भेटकार्डाच्या आकाराच्या स्वस्त छायाचित्रांची लाट आली. ग्राहक त्या प्रकाराकडे वळले. ल ग्रे यांनी मात्र मोठ्या आकाराची, खर्चिक आणि वेळखाऊ चित्रे घेणे सोडले नाही. कलात्मक कीर्ती वाढत असतानाच व्यवसाय तोट्यात गेला आणि १८६० मध्ये कंपनी बंद करावी लागली.

पूर्वेकडील वास्तव्य आणि मृत्यू

त्याच वर्षी कादंबरीकार आलेक्सांद्र द्युमा यांच्यासोबत ल ग्रे एमा नावाच्या नौकेतून भूमध्य समुद्राच्या सफरीवर निघाले. पत्नी व मुले फ्रान्समध्येच राहिली. पालेर्मो येथे त्यांनी गारिबाल्डी यांचे व्यक्तिचित्र आणि लढाईत उद्ध्वस्त झालेल्या रस्त्यांची छायाचित्रे घेतली. पुढे मतभेद झाल्यामुळे द्युमा यांनी त्यांना माल्टा येथे उतरवून दिले. तेथून ते सीरिया व लेबनॉनकडे गेले. बालबेक येथील प्राचीन अवशेषांची त्यांची छायाचित्रे या प्रवासातील आहेत.

१८६१ मध्ये ते अलेक्झांड्रियाला आणि काही वर्षांनी कैरोला पोहोचले. तेथे रेखाटन शिकवून ते उदरनिर्वाह करीत असत. छायाचित्रण त्यांनी पूर्णपणे थांबवले नाही. १८६७ च्या पॅरिस विश्वप्रदर्शनात इजिप्तमधील त्यांची चित्रे मांडली गेली. तरीही ते फ्रान्सला परतले नाहीत. १८८४ मध्ये कैरो येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा पॅरिसच्या कलावर्तुळात त्यांचे नाव जवळजवळ विस्मृतीत गेले होते.

वारसा

दृश्यातील सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भाग एकाच एक्सपोजरमध्ये न मावणे ही अडचण डिजिटल कॅमेऱ्यातही कायम आहे. तिच्यावरील प्रचलित उपाय म्हणजे ऑटो एक्सपोजर ब्रॅकेटिंग. यात कॅमेरा एकाच दृश्याची तीन किंवा अधिक छायाचित्रे पाठोपाठ घेतो : एक मोजलेल्या एक्सपोजरचे, एक कमी आणि एक जास्त. एक्सपोजरमधील प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होतो. त्यामुळे दोन पायऱ्या कमी आणि दोन पायऱ्या जास्त अशी चित्रे घेतल्यास टोकाच्या दोन चित्रांतील प्रकाशात १६ पटींचा फरक पडतो. अ‍ॅपर्चर बदलल्यास स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली बदलते, म्हणून सहसा शटरचा वेळच बदलला जातो. ही चित्रे एकत्र करण्याच्या गणिती पद्धती १९९० च्या दशकात विकसित झाल्या. १९९७ मधील पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांचा शोधनिबंध त्यांत महत्त्वाचा मानला जातो.

दोन्ही पद्धतींत फरकही आहे. ल ग्रे हाताने निवड करून क्षितिजावर सांधा जुळवत. एचडीआरमध्ये संगणक प्रत्येक बिंदूसाठी सर्व चित्रांतील माहिती विचारात घेतो. मात्र चित्रांदरम्यान हलणाऱ्या वस्तूंच्या दुहेरी प्रतिमा उमटण्याचा धोका त्यात असतो. लाटा हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. ल ग्रे यांची लाट एकाच निगेटिव्हवर टिपलेली असल्यामुळे त्यांच्यापुढे हा प्रश्न आला नाही.

विसाव्या शतकात संग्राहक व अभ्यासक यांच्यामुळे ल ग्रे यांच्या कार्याची पुन्हा दखल घेतली गेली. १९९९ मध्ये लंडन येथील लिलावात मोठी लाट या चित्राच्या एका प्रतीला ५,०७,५०० पौंड किंमत आली. तोपर्यंत लिलावात कोणत्याही छायाचित्राला इतकी किंमत मिळाली नव्हती. २००२ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या कार्याचे मोठे प्रदर्शन भरवले.