मागितले एक, लाभले दुसरे
(कविवर पं. बनारसीदास यांचे जीवनदर्शन)

देवापुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात बहुधा काहीतरी मागणे असते. कोणाला संतान हवे असते, कोणाला व्यापारात बरकत हवी असते, कोणाच्या घरी दुखणेकरी अंथरुणाला खिळलेला असतो. आपण जैन; जिनेंद्र भगवान वीतराग आहेत, ते कोणाला काही देत नाहीत आणि कोणाचे काही हिरावून घेत नाहीत, हे आपण पाठशाळेतच शिकलेले असतो. तरीही संकटाच्या वेळी ओठांवर नवस येतोच. मागणे पुरे झाले नाही, किंवा भलत्याच रूपाने पुढ्यात आले, की श्रद्धा डळमळू लागते. अशा वेळी कसे उभे राहावे, याचा वस्तुपाठ सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या एका श्रावकाने स्वतःच्या आयुष्यातून घालून दिला आहे. ते श्रावक म्हणजे समयसार नाटकाचे कर्ते कविवर बनारसीदास.

बनारसीदासांचे घराणे श्रीमाळ जैनांचे. आजोबा मूलदास माळव्यातील नरवर येथे एका मोगल सरदाराचे मोदी होते. वि. सं. १६१३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि सरदाराने घरदार व मालमत्ता जप्त केली. विधवा आजी आपल्या लहानग्या खरगसेनाला घेऊन जौनपूरला माहेरी, वडील मदनसिंह जव्हेरी यांच्या आश्रयास आली. हेच खरगसेन पुढे जवाहिरांचे व्यापारी झाले. त्यांचा पहिला मुलगा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत वारला. पुत्रप्राप्तीसाठी वि. सं. १६३७ मध्ये (इ. स. १५८०) ते सहकुटुंब रोहतकच्या सतीच्या यात्रेला निघाले. वाटेत चोरांनी गाठले आणि अंगावरच्या वस्त्रांखेरीज सारे लुटून नेले. पुत्र मागायला गेलेले दांपत्य जवळचे होते तेही गमावून परतले. तरीही काही वर्षांनी ते पुन्हा त्याच यात्रेला गेले. पुढे वि. सं. १६४३ च्या माघ महिन्यात त्यांना मुलगा झाला. आईवडिलांनी तो सतीचा प्रसाद मानला. त्या मुलाने मात्र मोठेपणी ही हकीकत लिहिताना, पहिल्या यात्रेत मिळालेल्या उत्तराचा अर्थ घरच्यांना उमगला नाही, असे हसत हसत नमूद केले आहे.

बाळाचे नाव विक्रमाजित ठेवले होते. सहा-सात महिन्यांचा असताना त्याला काशीला भगवान पार्श्वनाथांच्या दर्शनाला नेले. मुलाला दीर्घायुष्य लाभावे अशी आईवडिलांनी प्रार्थना केली. तेथील पुजाऱ्याने श्वास कोंडून ध्यानाचे सोंग केले आणि प्रभूंच्या यक्षाने आपल्याला दर्शन दिले असे सांगितले. प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव या मुलाला ठेवा, म्हणजे त्याच्या आयुष्याची चिंता उरणार नाही, असा यक्षाचा आदेश असल्याचे त्याने भासवले. विक्रमाजिताचा बनारसीदास झाला तो असा. ज्या नावाने पुढे सारा जैन समाज त्यांना ओळखू लागला, ते नाव एका पुजाऱ्याच्या बनवाबनवीतून आले, हे बनारसीदासांनी स्वतःच निःसंकोचपणे लिहून ठेवले आहे. पण त्यामुळे पार्श्वप्रभूंवरची त्यांची भक्ती तसूभरही उणावली नाही. पुजारी खोटा निघाला म्हणून प्रभू खोटे ठरत नाहीत, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

तो विवेक मात्र सहजासहजी आलेला नव्हता. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह खैराबादला झाला. नववधू घरी आली त्याच दिवशी घरातील वृद्ध आजीचा मृत्यू झाला आणि त्याच दिवशी त्यांना बहीणही झाली. एकाच छपराखाली एकाच दिवशी जन्म, मरण आणि गृहप्रवेश! संसाराचे स्वरूप सांगायला यापरते प्रवचन कोणते? पुढच्याच वर्षी, वि. सं. १६५५ मध्ये, जौनपूरचा नवाब किलिच खान याने सर्व जव्हेऱ्यांना पकडून फटके मारले. सुटका होताच जो तो मिळेल त्या दिशेला पळाला. खरगसेन भर पावसात बायकामुलांसह शहजादपूरला पोहोचले आणि रडू लागले. तेव्हा करमचंद नावाच्या एका माहुर वाण्याने धान्यधुन्याने भरलेले आपले घर त्यांच्या हवाली केले. ज्याच्याकडे काही मागितले नव्हते, त्याच्या हातून आसरा लाभला.

तरुणपणी बनारसीदासांचे मन विद्येत रमले, तसेच विषयांतही भरकटले. पंडित देवदत्तांकडे ते कोश, अलंकार आणि ज्योतिष शिकले. यती भानुचंद्रांकडे धर्मपाठ घेतले. त्याच वयात शृंगाररसाने ओथंबलेला हजार कडव्यांचा एक ग्रंथही त्यांनी रचला. याच सुमारास एक संन्यासी त्यांना भेटला. त्याने एक मंत्र दिला. हा मंत्र वर्षभर गुप्तपणे जपलास तर त्यानंतर रोज सकाळी दारात एक सोन्याची मोहोर सापडेल, असे सांगितले. बनारसीदासांनी नेमाने, कोणालाही न सांगता, शौचकूपात बसून वर्षभर जप केला. वर्ष संपले. स्नान करून पहाटे मोठ्या आशेने दारात येऊन पाहिले, तेथे काहीच नव्हते. कदाचित दिवस मोजण्यात चूक झाली असेल म्हणून दुसऱ्या दिवशीही पाहिले. तेव्हाही हाती निराशाच आली. अखेर भानुचंद्रांना सारे सांगितल्यावर, ही निव्वळ फसवणूक होती हे त्यांना कळले.

त्यानंतर एका जोग्याने एक लहानसा शंख देऊन, ही शिवाची मूर्ती आहे, हिच्या पूजनाने शिवपद लाभेल, असे सांगितले. बनारसीदास गुप्तपणे त्याचीही पूजा करू लागले. त्याच काळात पार्श्वप्रभूंच्या यात्रेसाठी दूध, दही, तूप, तांदूळ अशा पदार्थांचा त्यागही त्यांनी केला होता आणि कार्तिकी पौर्णिमेला काशीला जाऊन दर्शनही घेतले होते. एका हाती पार्श्वनाथ, दुसऱ्या हाती शंख, असा तो काळ होता. वि. सं. १६६२ मध्ये (इ. स. १६०५) बादशाह अकबराच्या निधनाची वार्ता जौनपूरला येऊन थडकली. नगरात एकच हाहाकार उडाला. लोकांनी दारे लावून घेतली, दागदागिने पुरले. जिन्यावर बसलेले बनारसीदास ती बातमी ऐकताच भोवळ येऊन कोसळले, डोके फुटले आणि रक्ताची धार लागली. आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. काही दिवसांनी एकांतात बसले असताना त्यांच्या मनात विचार आला, की इतकी पूजा करूनही पडताना मला कोणी का सावरले नाही? त्या दिवसापासून त्यांनी ती पूजा सोडून दिली.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. दोष दैवताचा नव्हता. दोष सौद्याचा होता. मोहोर मिळावी म्हणून मंत्र, रक्षण व्हावे म्हणून पूजा, असा व्यवहार त्यांनी मांडला होता. व्यवहार फसला आणि भक्ती संपली. त्यांनी मोहोर मागितली होती, लाभली ती डोळे उघडणारी निराशा.

या निराशेने ते नास्तिक झाले नाहीत, ही त्यांची थोरवी. एके दिवशी गोमतीच्या पुलावर मित्रांसमवेत बसून ते आपल्या शृंगारिक ग्रंथाचे वाचन करीत होते. वाचता वाचता मनात आले, की एक असत्य बोलणाराही दुर्गतीला जातो. मी तर कल्पनेने केवढे असत्य रचले आहे! त्यांनी तो सारा ग्रंथ उचलून नदीत टाकला. मित्र हळहळले. वडिलांना मात्र ही वार्ता ऐकून समाधान वाटले. तेव्हापासून नित्य जिनदर्शन, सामायिक, प्रतिक्रमण, चौदा नियम असा श्रावकाचार बनारसीदासांनी अंगीकारला.

धर्म आचरला म्हणून संसार सुरळीत झाला काय? मुळीच नाही. वि. सं. १६६७ मध्ये वडिलांनी त्यांना जवाहीर, वीस मण तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन आग्र्याला व्यापारासाठी पाठवले. वाटेत इटाव्याजवळ मुसळधार पावसात कोणी आसरा देईना. शेवटी चौकीदारांच्या झोपडीत एकाच्या खाटेखाली झोपून रात्र काढावी लागली. आग्र्यात मालात तोटा झाला. काही रत्ने नाडीतून गळून पडली, काही उंदरांनी पळवली. जवळचे सारे संपल्यावर एका कचोरीवाल्याकडे ते उधारीवर जेवू लागले. दोनेक महिन्यांनी त्यांनी आपली खरी स्थिती त्याला सांगितली. त्या भल्या माणसाने वीस रुपयांपर्यंत निश्चिंत खा, असे सांगून विषय संपवला. रात्री बनारसीदास दहा-वीस श्रोत्यांना मधुमालती आणि मृगावती वाचून दाखवीत. पुढे खैराबादला गेले असता पत्नीने साठवलेले वीस रुपये गुपचूप त्यांच्या हाती ठेवले. कचोरीवाल्याची उधारी आणि पत्नीची ही शिल्लक, दोन्ही न मागता लाभली. मंत्र जपून जी मोहोर मिळाली नाही, तिच्याहून मोलाचे काही अशा साध्या माणसांच्या हातून त्यांच्या वाट्याला आले.

परीक्षा अजून संपली नव्हती. वि. सं. १६८० मध्ये खैराबादला अरथमल ढोर या अध्यात्मप्रेमी सज्जनाने पांडे राजमल्लांची समयसारावरील टीका त्यांना वाचायला दिली. आत्म्याच्या शुद्ध स्वरूपाचे वर्णन वाचून ते भारावले. पण गुरूंच्या मार्गदर्शनाविना वाचल्याने निश्चयनयाचा एकांगी अर्थ त्यांनी घेतला. जप, तप, सामायिक, प्रतिक्रमण सारे सुटले. देवाला वाहिलेला नैवेद्यही ते खाऊ लागले. मित्रांसह बंद खोलीत वस्त्रे टाकून, आम्ही मुनी झालो, असे म्हणण्यापर्यंत मजल गेली. समाज त्यांची निंदा करू लागला. ज्ञान मागितले आणि ज्ञानाचा अहंकार लाभला, असे हे दिवस होते. सुमारे बारा वर्षे ही डळमळ चालली.

वि. सं. १६९२ मध्ये (इ. स. १६३५) पांडे रूपचंद आग्र्याला आले. त्यांनी गोम्मटसाराचे विवेचन केले. ज्या गुणस्थानावर जीव असेल तेथे त्याला अनुरूप असे आचरण असतेच. निश्चय आणि व्यवहार परस्परांचे वैरी नव्हेत, हे बनारसीदासांना तेव्हा उमगले. स्याद्वादाचा प्रकाश पडला आणि मन स्थिर झाले. पुढच्याच वर्षी, वि. सं. १६९३ मध्ये, समयसार नाटक हा त्यांचा अजरामर ग्रंथ पूर्ण झाला. आचार्य कुंदकुंदांचे समयप्राभृत आणि त्यावरील आचार्य अमृतचंद्रांचे कलश यांचा आशय या ग्रंथाने सामान्य श्रावकाच्या भाषेत आणला. श्वेतांबर परंपरेच्या घरात जन्मलेल्या या कवीचा ग्रंथ दिगंबर शास्त्रसभांतून आवडीने वाचला गेला, ही गोष्टही आपण ध्यानी धरण्याजोगी आहे.

आणि घरचे काय? त्यांची तीन लग्ने झाली. दोन मुली आणि सात मुलगे अशी नऊ अपत्ये झाली. नऊच्या नऊ डोळ्यांदेखत गेली. रोहतकच्या नवसानंतर जन्मलेल्या पुत्राच्या घरी शेवटी एकही मूल उरले नाही. पती आणि पत्नी दोघेच राहिले. अखेरचा मुलगा गेला तेव्हा आपल्याला झालेला शोक त्यांनी लपवला नाही. मोह ज्ञानी आणि अज्ञानी असा भेद करीत नाही, हे समयसाराच्या या भाष्यकाराने नम्रपणे मान्य केले. श्रद्धावान माणूस रडत नाही असे नव्हे. रडूनही तो मार्ग सोडत नाही.

वि. सं. १६९८ मध्ये (इ. स. १६४१) वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी सुमारे पावणेसातशे पद्यांत आपले चरित्र लिहिले. माणसाचे आयुष्य एकशेदहा वर्षांचे धरून, अर्धे झाले म्हणून त्याला अर्धकथानक असे नाव दिले. भारतीय भाषांतील पहिल्या आत्मचरित्रांमध्ये त्याची गणना होते. त्याच्या शेवटी त्यांनी आपले गुण आणि दोष दोन्ही मांडले आहेत. लक्ष्मीचा लोभ, जपतपातील ढिलाई, एकांतात नाचण्याची हौसही लपवलेली नाही. उरलेले अर्धे कथानक मात्र लिहिले गेले नाही. त्यानंतर थोड्याच काळात त्यांची जीवनयात्रा संपली. त्यांच्या स्फुट रचना जगजीवन यांनी वि. सं. १७०१ मध्ये बनारसी विलास या नावाने संग्रहित केल्या. आपल्या महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट अशी, की पं. नाथूराम प्रेमी यांनी अर्धकथानकाचे संपादन करून ते १९४३ मध्ये मुंबईतून प्रकाशित केले.

बनारसीदासांनी दीर्घायुष्य, संतान, धन यांपैकी जे जे मागितले किंवा त्यांच्यासाठी मागितले गेले, त्यातले फारसे काही मनाजोगे मिळाले नाही. आयुष्यही अर्ध्यावरच संपले. पण प्रत्येक नकाराने त्यांना मागण्याच्या पलीकडे एक पाऊल नेले. वीतरागाच्या मूर्तीपुढे उभे राहून मागायचे ते काय, याचे उत्तर त्यांना उशिरा, पण पक्के सापडले. त्या मूर्तीकडे पाहून आपण आपल्यालाच पाहायला शिकावे, हेच ते दान होय. कर्माचा उदय आपल्या इच्छेची वाट पाहत नाही. त्या उदयात समभाव राखणे मात्र आपल्या हाती असते.

आपल्या मंदिरात रोज पहाटे अभिषेकाला येणाऱ्या प्रत्येक श्रावक-श्राविकेच्या ओंजळीत आज काही ना काही मागणे असेल. ते पुरे होवो. आणि नाहीच झाले, तर उद्या पहाटेही आपली पावले त्याच पायरीकडे वळोत, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात मंगल कामना.

जय जिनेंद्र!