किम पेरो : उंचांच्या खेळातील ठेंगणी झुंजार

बास्केटबॉल हा उंचांचा खेळ मानला जातो. सहा फुटांहून अधिक उंचीच्या खेळाडूंच्या गर्दीत ५ फूट ५ इंच उंचीच्या मुलीने काय करावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. अमेरिकेच्या किम पेरोने या प्रश्नाचे उत्तर मैदानावर दिले. ह्यूस्टन कॉमेट्स संघाला १९९७ आणि १९९८ अशी सलग दोन वर्षे व्यावसायिक महिला बास्केटबॉलचे विजेतेपद मिळवून देण्यात तिचा मोठा वाटा होता. तिसऱ्या विजेतेपदाची वाट पाहत असतानाच कर्करोगाने तिला गाठले आणि १९ ऑगस्ट १९९९ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिची जीवनयात्रा संपली. तिच्या वाट्याला आलेली व्यावसायिक कारकीर्द मायदेशात जेमतेम दोन हंगामांची. तरीही अमेरिकेच्या महिला बास्केटबॉलमध्ये खिलाडूवृत्तीचा पुरस्कार आज तिच्याच नावाने दिला जातो.

लाफयेटची मुलगी

किम पेरोचा जन्म १८ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यात, लाफयेट या शहरात झाला. फ्रेंच वंशाच्या केजन लोकांची संस्कृती जपणारे हे शहर. उच्च शिक्षणासाठीही किमने गाव सोडले नाही. लाफयेटमधीलच युनिव्हर्सिटी ऑफ साउथवेस्टर्न लुइझियाना या विद्यापीठात तिने प्रवेश घेतला. हेच विद्यापीठ पुढे युनिव्हर्सिटी ऑफ लुइझियाना अॅट लाफयेट या नावाने ओळखले जाऊ लागले.

अमेरिकेतील मुलींसाठी हा काळ संधीचा होता आणि कोंडीचाही. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला मनाई करणारा कायदा १९७२ मध्ये झाला होता. सरकारी मदत घेणाऱ्या शाळा-महाविद्यालयांना मुलींच्या खेळांकडे पूर्वीसारखे दुर्लक्ष करणे त्यामुळे शक्य राहिले नाही. मुलींचे संघ वाढले, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. पण पदवी हाती पडली की पुढचा रस्ता बंद होत असे. महिलांसाठी व्यावसायिक स्पर्धा उभ्या करण्याचे काही प्रयत्न झाले, पण ते टिकले नाहीत. महाविद्यालयातील गुणवान मुलीपुढे दोनच पर्याय उरत. एक तर खेळ सोडून नोकरी धरायची, नाही तर परदेशात जाऊन खेळायचे.

किमने मात्र महाविद्यालयीन वर्षांत विक्रमांची रासच घातली. १९८९-९० च्या हंगामात तिने सामन्यामागे सरासरी ३० गुण नोंदवले आणि या निकषावर ती देशभरातील महाविद्यालयीन महिला खेळाडूंत अव्वल ठरली. १९९० मध्ये एका सामन्यात तर तिने एकटीने ५८ गुण केले. विद्यापीठाचे २६ विक्रम तिच्या नावावर जमा झाले. एवढे करूनही देशात तिच्यासाठी व्यावसायिक संघ नव्हता. मोठ्या, नामांकित विद्यापीठांचे वलयही तिच्यामागे नव्हते. त्यामुळे अमेरिकेत फार थोड्या लोकांना तिचे नाव ठाऊक होते.

सहा वर्षांचे परदेशी वास्तव्य

पदवीनंतरची वर्षे किमने परदेशात काढली. स्वीडन, जर्मनी, इस्रायल आणि फ्रान्स या देशांतील संघांकडून ती सुमारे सहा वर्षे खेळली. अनोळखी भाषा, अनोळखी गावे आणि एका हंगामापुरते करार असे हे आयुष्य होते. तिच्या पिढीतील बहुतेक अमेरिकी महिला खेळाडूंच्या वाट्याला ते आले. पुढे जिच्या नावाचा डंका अमेरिकेत वाजला, त्या सिंथिया कूपरचीही उमेदीची वर्षे स्पेन आणि इटलीतच गेली होती.

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकने चित्र पालटले. घरच्या प्रेक्षकांसमोर अमेरिकेच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी पुरुषांची सुप्रसिद्ध स्पर्धा चालवणाऱ्या एनबीएने महिलांसाठी डब्ल्यूएनबीए स्थापन करण्याचा निर्णय घेतला होता. २१ जून १९९७ रोजी आठ संघांनिशी या स्पर्धेला सुरुवात झाली. पुरुषांचा हंगाम संपल्यानंतर, उन्हाळ्यात सामने खेळवायचे ठरले. आठ संघांपैकी एक होता टेक्सास राज्यातील ह्यूस्टन कॉमेट्स.

चाचणीतून संघात

कॉमेट्सकडे नामवंतांची कमतरता नव्हती. डब्ल्यूएनबीएने करारबद्ध केलेली पहिली खेळाडू शेरिल स्वूप्स या संघात होती. महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडप्रक्रियेत अगदी पहिली निवड झालेली टीना थॉम्पसन होती. परदेशातून परतलेली, चौतिशीतील सिंथिया कूपर होती. प्रशिक्षक व्हॅन चॅन्सेलर मिसिसिपी विद्यापीठातील प्रदीर्घ अनुभव गाठीशी घेऊन आले होते.

किम पेरोची मात्र कोणी निवड केली नव्हती. ती चाचणीसाठी आली आणि संघाने तिला आधी विकासाधीन खेळाडू म्हणून ठेवून घेतले. म्हणजे संघासोबत राहायचे, सराव करायचा आणि संधीची वाट पाहायची. तिशीत पोहोचलेल्या, महाविद्यालयात देशात अव्वल ठरलेल्या खेळाडूला हा दर्जा कमीपणाचा वाटू शकला असता. किमने सराव हीच परीक्षा मानली. पहिल्याच हंगामात तिने सुरुवातीच्या पाच खेळाडूंत जागा पटकावली आणि पुढे ती कोणाला घेऊ दिली नाही.

तिची जागा पॉइंट गार्डची. हॉकीत सेंटर-हाफला जे महत्त्व, तेच बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्डला असते. चेंडू पुढे नेणे, कोणत्या क्षणी कोणाला तो द्यायचा हे ठरवणे आणि संघाची लय सांभाळणे ही तिची कामे. महाविद्यालयात सामन्यामागे ३० गुण करणाऱ्या किमने कॉमेट्समध्ये आपली भूमिका पूर्णपणे बदलली, आणि तिच्या कारकिर्दीचा खरा मोठेपणा येथे आहे. गुण करण्यासाठी कूपर, स्वूप्स आणि थॉम्पसन होत्या. संघाला हवी होती ती त्यांना चेंडू पोहोचवणारी आणि प्रतिस्पर्ध्यांना श्वास घेऊ न देणारी खेळाडू. किमने ते काम आनंदाने अंगावर घेतले. प्रतिस्पर्धी संघाच्या पॉइंट गार्डला ती मैदानाच्या एका टोकापासूनच भिडत असे. चेंडू हिरावून घेणे हे तिचे वैशिष्ट्य होते. तिच्या ठेंगणेपणाचाही येथे उपयोग झाला. उंच खेळाडूला चेंडू जमिनीवर आपटत पुढे न्यायचा असतो, आणि जमिनीलगतच्या चेंडूपाशी किमचे हात आधी पोहोचत.

दोन विजेतेपदे

पहिल्या हंगामात कॉमेट्सने २८ पैकी १८ साखळी सामने जिंकले. स्वूप्स बाळंतपणामुळे हंगामाचा मोठा भाग बाहेर होती. उरलेल्यांनी संघ तोलून धरला. ३० ऑगस्ट १९९७ रोजी ह्यूस्टनमध्ये झालेल्या अंतिम सामन्यात कॉमेट्सने न्यूयॉर्क लिबर्टीला ६५-५१ असे हरवले आणि डब्ल्यूएनबीएच्या पहिल्या विजेतेपदावर नाव कोरले.

दुसरा हंगाम तर एकतर्फीच झाला. १९९८ मध्ये कॉमेट्सने ३० पैकी २७ साखळी सामने जिंकले. स्वूप्स पूर्ण हंगाम खेळत होती आणि किम आपल्या खेळाच्या शिखरावर होती. अंतिम फेरीत मात्र फिनिक्स मर्क्युरीने पहिला सामना ५४-५१ असा जिंकून खळबळ उडवली. तीन सामन्यांच्या मालिकेत आणखी एक पराभव म्हणजे विजेतेपद हातचे जाणार होते. दुसऱ्या सामन्यातही कॉमेट्स उत्तरार्धात बऱ्याच पिछाडीवर पडल्या होत्या. तेथून त्यांनी सामना अतिरिक्त वेळेपर्यंत खेचला आणि ७४-६९ असा जिंकला. १ सप्टेंबर रोजी तिसरा सामना ८०-७१ असा जिंकून त्यांनी विजेतेपद राखले.

कूपर दोन्ही वर्षी अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली. प्रसिद्धीचा झोत तिच्यावर आणि स्वूप्सवर होता. पण संघाचे हृदय कोणते, याविषयी कॉमेट्समध्ये दुमत नव्हते. दहा क्रमांकाची जर्सी घालणारी, सर्वांत ठेंगणी, सतत बोलणारी, सतत धावणारी किम हेच ते हृदय होते.

फेब्रुवारी १९९९

कॉमेट्ससाठी १९९९ चा फेब्रुवारी काळवंडलेला उजाडला. सिंथिया कूपरची आई स्तनांच्या कर्करोगाने याच महिन्यात गेली. त्या दुःखातून कूपर सावरण्याआधीच किमच्या आजाराचे निदान झाले. तिला फुप्फुसाचा कर्करोग होता आणि तो मेंदूपर्यंत पसरला होता. किम तेव्हा ३२ वर्षांची होती. काही महिन्यांपूर्वीच तिने व्यावसायिक खेळातील सर्वांत दमछाक करणारी जबाबदारी हंगामभर पेलली होती.

मेंदूतील गाठींवर शस्त्रक्रिया झाली. पुन्हा मैदानावर उतरण्याची जिद्द किमने जाहीरपणे बोलून दाखवली. डॉक्टरांचा सल्ला होता केमोथेरपीचा. किमने तो स्वीकारला नाही. तिने पर्यायी उपचारांचा मार्ग निवडला आणि त्यासाठी मेक्सिकोतील तिहुआना शहर गाठले.

या निर्णयाकडे केवळ भावनेने पाहता येणार नाही. सिद्ध झालेले उपचार बाजूला ठेवून पर्यायी उपचारांकडे वळणे ही कर्करोगाच्या रुग्णासाठी धोक्याची वाट असते, आणि कोणी प्रसिद्ध व्यक्ती त्या वाटेने गेली म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. दुसरीकडे हेही खरे, की मेंदूपर्यंत पोहोचलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगावर १९९९ मध्ये वैद्यकशास्त्राकडे फारसे प्रभावी उपाय नव्हते. आज यातील काही रुग्णांना उपयोगी पडणारी लक्ष्यवेधी औषधे तेव्हा उपलब्ध नव्हती. केमोथेरपीने किम वाचली असती, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. आपल्या शरीराविषयीचा निर्णय तिने स्वतः घेतला एवढे निश्चित. आजार मात्र वाढतच गेला. ऑगस्टमध्ये ती ह्यूस्टनला परतली आणि १९ ऑगस्टला एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात तिचे निधन झाले.

दहासाठी तिसरे

हंगाम अद्याप संपायचा होता. किमच्या जागी सोन्या हेनिंग पॉइंट गार्ड म्हणून खेळत होती. दुखवटा पाळायलाही वेळ नसलेल्या कॉमेट्सनी ३२ पैकी २६ साखळी सामने जिंकले आणि उपांत्य फेरीत लॉस एंजल्स स्पार्क्सला मागे टाकले. अंतिम फेरीत पुन्हा न्यूयॉर्क लिबर्टी समोर होती. ह्यूस्टनच्या प्रेक्षागृहात एकच घोष होता : दहासाठी तिसरे. दहा क्रमांकाच्या खेळाडूसाठी तिसरे विजेतेपद.

न्यूयॉर्कमधील पहिला सामना कॉमेट्सने ७३-६० असा जिंकला. ४ सप्टेंबर रोजी ह्यूस्टनमध्ये दुसरा सामना रंगला. अवघे २.४ सेकंद शिल्लक असताना टीना थॉम्पसनच्या गुणांनी कॉमेट्सला ६७-६५ अशी आघाडी मिळाली. विजेतेपद हातात आले असे सर्वांना वाटले. इतक्यात लिबर्टीच्या तेरेसा वेदरस्पूनने मैदानाच्या मध्यरेषेपलीकडून चेंडू भिरकावला आणि तो थेट जाळीत विसावला. लिबर्टीने सामना ६८-६७ असा जिंकला आणि प्रेक्षागृह सुन्न झाले.

दुसऱ्याच दिवशी निर्णायक सामना होता. असा घाव सोसून अवघ्या एका दिवसात उभे राहणे सोपे नसते. पण किमने दोन वर्षे जो आक्रमक बचाव संघाच्या अंगी मुरवला होता, तोच त्या दिवशी कामी आला. लिबर्टीला संपूर्ण सामन्यात केवळ ४७ गुण करता आले. कॉमेट्सने ५९-४७ असा विजय मिळवला. सामना संपताच कूपरने किमची दहा क्रमांकाची जर्सी हाती घेतली. जल्लोष आणि अश्रू त्या दिवशी वेगळे करता येत नव्हते.

मागे उरलेले

कॉमेट्सने दहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. २००० मध्ये संघाने सलग चौथे विजेतेपद मिळवले. पुढे दिवस पालटले आणि मालकच न मिळाल्याने डिसेंबर २००८ मध्ये संघ बरखास्त झाला. प्रशिक्षक चॅन्सेलर यांच्यासह कूपर, स्वूप्स आणि थॉम्पसन या तिघींनाही बास्केटबॉलच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

किमचे स्मारक वेगळ्या जागी आहे. ज्या एम. डी. अँडरसन केंद्रात तिने अखेरचा श्वास घेतला, तेथे किशोरवयीन आणि तरुण कर्करुग्णांना उपचारांचा विसर पडावा, खेळता यावे, समवयस्कांशी बोलता यावे यासाठी किम्स प्लेस नावाचे दालन उभे राहिले. डब्ल्यूएनबीएने आपल्या खिलाडूवृत्तीच्या वार्षिक पुरस्काराला किम पेरोचे नाव दिले. हा सन्मान सर्वाधिक गुण करणारीला मिळत नाही. मैदानावरील वर्तनाने, नीतीने आणि सहकाऱ्यांविषयीच्या आस्थेने खेळाची प्रतिष्ठा वाढवणारीला तो मिळतो. कधी काळी देशात सर्वाधिक गुण करणारी आणि नंतर इतरांच्या गुणांसाठी धावत राहिलेली किम पेरो या पुरस्काराला शोभून दिसते.